गिनी पिगची नवजात पिल्ले: बेळगाव सीमाभागातील पाळणाऱ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात गिनी पिग पाळणारी घरे आता पूर्वीपेक्षा अधिक दिसतात. पहिली पिल्ले बहुतेक घरांत अनपेक्षितपणेच येतात, आणि त्या दिवशी घरातली माणसे गोंधळून जे प्रश्न विचारतात, तेच येथे घेतले आहेत. उत्तरे आपल्या भागातील हवा, वैरण आणि बाजार ध्यानात ठेवून लिहिली आहेत.

पिल्लू जन्मताच डोळे उघडे ठेवून पळते आणि दुसऱ्या दिवशी गवत चघळते. मग त्याची वेगळी काळजी घेण्याची गरजच काय?

सर्वाधिक पिल्ले याच समजामुळे दगावतात. उंदराचे किंवा सशाचे पिल्लू जन्मतः आंधळे, केसांवाचून आणि लोळागोळा असते, तर गिनी पिगचे पिल्लू आईच्या पोटात सुमारे ५९ ते ७२ दिवस राहून, अंगभर केस, उघडे डोळे आणि कायमचे दात घेऊनच बाहेर येते. त्याचे दुधाचे दातही पोटातच पडून गेलेले असतात. काही तासांत ते आईमागे धावू लागते, आणि म्हणून पाहणाऱ्याला ते लहान आकाराचे मोठे जनावरच वाटते. प्रत्यक्षात त्याच्या अंगात उष्णता टिकवण्याची ताकद कमी असते, आतड्यांत पचनाला लागणारे जिवाणू अजून वसलेले नसतात आणि पहिले तीन आठवडे त्याला आईच्या दुधाची गरज असते. ते आजारी पडले तरी पडून राहत नाही. थोडेसे फुगून कोपऱ्यात बसते, आणि पळणाऱ्या भावंडांमध्ये ते बसलेले पिल्लू आपल्या लक्षातही येत नाही. म्हणून नजरेवर विसंबू नये, वजनकाट्यावर विसंबावे. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

दुकानातून दोन माद्या म्हणून आणल्या होत्या आणि सकाळी पिंजऱ्यात पिल्ले दिसली. सर्वांत आधी काय करावे?

सर्वांत आधी नराला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवावे, आणि हे दुपारवर ढकलू नये. पिल्ले घातल्यानंतर साधारण दोन ते पंधरा तासांत मादी पुन्हा माजावर येते आणि त्याच दिवशी गाभण राहू शकते. अंगावर पिल्ले पाजत असतानाच पोटात दुसरी वाढू लागली, तर तिचे शरीर दोन्हीकडून झिजते. नर पिल्लांना सहसा इजा करत नाही, त्यामुळे घरातल्यांना तो ‘शहाणा बाप’ वाटतो आणि तो तिथेच राहतो. दोन महिन्यांनी दुसरी वीण होते, तेव्हा चूक लक्षात येते. मादी गाभण आहे हे आधीच ठाऊक असेल, तर दिवस भरण्यापूर्वीच नर बाजूला काढावा. दुकानात नर-मादी ओळखण्यात चूक होणे अगदी सर्रास आहे, त्यामुळे घरी आणल्यावर जाणकाराकडून एकदा खात्री करून घ्यावी.

मादी पिल्ले घालत असताना आपण मदत करावी का?

शक्यतो करू नये. मादी बसल्याजागी मान वाकवून पिल्लू दातांनी ओढून घेते, वरची पातळ पिशवी फाडते आणि त्याला चाटून कोरडे करते. दोन पिल्लांमध्ये काही मिनिटांचेच अंतर असते आणि सगळे बहुधा अर्ध्या-पाऊण तासात आटोपते. एका वेळी दोन ते चार पिल्ले होणे नेहमीचे, एक किंवा सहाही होऊ शकतात. वार ती स्वतः खाते, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. एखाद्या पिल्लाच्या तोंडावरची पिशवी आईकडून फाडायची राहून गेली, तर मात्र थांबू नये. स्वच्छ कापडाने नाक-तोंड मोकळे करावे, अंग हलके चोळावे आणि पिल्लू लगेच आईपुढे ठेवावे.

वीस मिनिटे कळा देऊनही पिल्लू बाहेर आले नाही, रक्त वाहत राहिले किंवा मादी थकून आडवी झाली, तर घरगुती उपाय न करता तडक दवाखाना गाठावा. मादीची पहिली वीण सहा-सात महिन्यांच्या वयानंतर झाल्यास हा धोका फार वाढतो, कारण तोवर तिच्या कटीच्या पुढच्या हाडांचा सांधा घट्ट जुळून जातो आणि पिल्लू बाहेर येण्याएवढा उघडत नाही.

माणसाचा वास लागला तर आई पिल्लू टाकते, असे घरातील वडीलधारी सांगतात. ते खरे आहे का?

गिनी पिगच्या बाबतीत नाही. हात धुऊन, पुसून, पिल्लू दोन्ही तळव्यांत घेऊन अर्धे मिनिट तपासून परत ठेवले, तर आई त्याला पूर्वीसारखेच जवळ घेते. तरी पहिल्या दिवशी शेजारची सगळी मुले बोलावून पिल्लू हातोहात फिरवणे टाळावे, कारण त्यात ते गारठते आणि हातातून उडी मारून पडते.

वजन कसे करावे आणि किती वाढायला हवे?

स्वयंपाकघरातला एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. त्यावर उंच काठाचा स्टीलचा डबा ठेवावा, तळाला मऊ फडके घालावे, काटा शून्यावर आणावा आणि पिल्लू आत सोडावे. रोज एकाच वेळी, पहिले तीन आठवडे, एकही दिवस न चुकता हे करावे. जन्मतः वजन साधारण ६० ते ११५ ग्रॅम असते. साठच्या खालचे पिल्लू जगू शकते, पण त्याच्यावर विशेष लक्ष लागते. पहिल्या एक-दोन दिवसांत थोडी घट होणे स्वाभाविक असते आणि त्यानंतर दररोज सुमारे ३ ते ५ ग्रॅमची भर पडायला हवी. तिसऱ्या दिवसानंतरही वजन घटत असेल, तर पिल्लू कितीही चपळ दिसो, काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

एक अनुभव सांगतो. आमच्याकडे चार पिल्लांच्या विणीत सर्वांत लहान पिल्लू ५८ ग्रॅमचे होते आणि तिसऱ्या दिवशी काटा ५२ दाखवू लागला. पाहायला ते इतरांएवढेच उड्या मारत होते. मादीला सडे दोनच असतात, हे मला माहीत होते, पण त्याचा अर्थ मी मनावर घेतला नव्हता. पाऊण तास पिंजऱ्यासमोर बसल्यावर दिसले की दोन दांडगी पिल्ले आईखाली ठाण मांडून असतात आणि हे लहानगे दर वेळी बाहेर ढकलले जाते. त्या दिवसापासून मोठी तिन्ही पिल्ले दिवसातून पाच-सहा वेळा, वीस-वीस मिनिटे, फडके घातलेल्या बुट्टीत वेगळी ठेवली आणि लहान्याला आई एकट्याला मिळू दिली. पाचव्या दिवशी काटा ५७ वर आला. काटा नसता तर हे पिल्लू एखाद्या सकाळी मेलेले सापडले असते आणि आम्ही ‘आयुष्य नव्हते’ म्हणून मोकळे झालो असतो.

वजनाची नोंद वहीत तारखेसह ठेवावी. सीमाभागात पाळणाऱ्याच्या घरी मराठी आणि दवाखान्यात कन्नड असे पुष्कळदा होते, घाईच्या वेळी शब्द सापडत नाहीत. पण तारीख आणि ग्रॅम लिहिलेली वही समोर ठेवली की डॉक्टरांना अर्धी कहाणी तिथेच कळते.

पिल्लांसाठी बशीत गाईचे दूध ठेवावे का?

ठेवू नये, आणि हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगत आहे. पहिल्या विणीच्या वेळी, ऐन श्रावणातल्या झडीत, मी कोमट दुधाची बशी रात्री पिंजऱ्यात ठेवली होती. पहाटे एक पिल्लू त्या बशीत पोटापर्यंत भिजून बसलेले मिळाले आणि ते संध्याकाळपर्यंतही टिकले नाही. भिजलेले पिल्लू पावसाळी हवेत फार झपाट्याने गारठते. शिवाय गाईच्या दुधाने पिल्लांना हगवण लागू शकते, आणि सांडलेले दूध अंथरुणात आंबून मुंग्या बोलावते. दूध-पावही देऊ नये. आई जिवंत आणि खातीपिती असेल, तर पिल्लांना वरचे दूध लागत नाही. पाण्यासाठी नळीची बाटली पिल्लांच्या तोंडाला पोहोचेल इतकी खाली टांगावी आणि पाण्याचे उघडे भांडे काढून टाकावे.

आई मेली किंवा तिला दूधच नाही. पिल्ले वाचतील का?

वाचू शकतात, पण पहिले चार-पाच दिवस अवघड असतात. पाच दिवसांचे झालेले पिल्लू पातळ खाणे आणि गवत यांवर बऱ्याच अंशी तग धरू शकते, एक-दोन दिवसांच्या पिल्लाला मात्र दूध मिळालेच पाहिजे. ओळखीत कोणाकडे नुकतीच व्यालेली दुसरी मादी असेल, तर तिच्याखाली पिल्ले लावणे हा सर्वांत चांगला मार्ग होय, कारण गिनी पिगच्या माद्या परक्या पिल्लांना सहसा पाजू देतात.

तसे शक्य नसेल, तर जन्मल्यावरचे पहिले बारा तास पिल्लू अंगातल्या साठ्यावर काढू शकते, हे लक्षात ठेवून घाबरून न जाता तयारी करावी. मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दूधभुकटी बहुधा वापरली जाते. तिचे पाण्याशी प्रमाण पशुवैद्यकांना विचारून ठरवावे. सुई काढलेल्या एक मिलीच्या सिरिंजने, पिल्लू चार पायांवर नेहमीसारखे बसलेले असताना, ओठाच्या कडेला थेंब टेकवावा आणि ते स्वतः चाटेल तेवढेच द्यावे. माणसाच्या बाळासारखे उताणे धरून पाजले, तर दूध श्वासनलिकेत जाते आणि पिल्लू न्युमोनियाने मरते. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पाजावे लागते.

दोन गोष्टी येथे हमखास विसरल्या जातात. गारठलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यावी आणि मगच दूध द्यावे, कारण थंड शरीरात दूध पचत नाही. दुसरी म्हणजे, आई पिल्लाचा मागचा भाग चाटते तेव्हाच ते सुरुवातीला लघवी आणि शी करते. आई नसेल, तर प्रत्येक पाजण्यानंतर कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या कापसाने तो भाग हलकेच पुसावा आणि पिल्लू स्वतःहून करू लागेपर्यंत हे चालू ठेवावे. पोट भरलेले, पण लघवी तुंबलेले पिल्लू दगावते आणि लोक दुधाला दोष देत बसतात.

पिल्ले आईच्या लेंड्या खाताना दिसतात. त्यांना अडवावे का?

अडवू नये. आईच्या मऊ लेंड्यांतूनच पचनाला लागणारे जिवाणू पिल्लांच्या आतड्यांत जातात. आई नसलेल्या पिल्लांच्या पिंजऱ्यात एखाद्या निरोगी मोठ्या गिनी पिगच्या ताज्या लेंड्या मुद्दाम ठेवतात, ते यासाठीच.

आपल्या भागात मिळणाऱ्या वैरणीपैकी आई आणि पिल्लांना काय द्यावे?

वाळलेले गवत चोवीस तास समोर हवे, हा पाया. दात आयुष्यभर वाढत राहतात, ते गवत चघळूनच झिजतात आणि पोटही गवतानेच चालते. माळावरचे वाळवलेले गवत, दूर्वा, हत्तीगवताची कोवळी पाने चांगली. पाजणाऱ्या मादीला आणि सहा महिन्यांखालील पिल्लांना लसूण घास (ल्युसर्न, याचा लसणाशी संबंध नाही) अवश्य द्यावा, कारण त्यातला चुना म्हणजे कॅल्शियम आणि प्रथिने या काळात लागतातच. मोठ्या, न व्यालेल्या जनावरांना मात्र तो रोज देऊ नये, त्यांना मूतखडा होण्याचा धोका असतो.

भाताचे पिंजर आपल्याकडे मुबलक, विशेषतः बेळगाव आणि खानापूरच्या भातपट्ट्यात, म्हणून पुष्कळ लोक तेच खायला घालतात. त्यात पोषण फार थोडे असते. अंथरायला ते चालते, तेही टोकदार बुडखे काढून, कारण पिल्ले त्यात तोंड खुपसून धावतात आणि डोळ्याला काडी लागते. निपाणी, चिकोडीकडे शाळूचा कडबा असतो. तो जाड असल्याने पिल्लांना नीट चावत नाही. कोवळ्या ज्वारीची हिरवी पाने मात्र अजिबात देऊ नयेत, ती जशी गुरांना बाधतात तशीच यांनाही. बांधावरून गवत कापून आणताना त्यात गाजरगवत किंवा घाणेरी आली नाही ना, हे मूठ मूठ पसरून पाहावे. फवारणी झालेल्या उसाच्या किंवा तंबाखूच्या बांधाचे गवत तर आणूच नये. कांदा, लसूण, बटाटा आणि त्यांची पाने वर्ज्य.

पावसाळ्यात गंजीतून काढलेल्या गवताला दमट वास येत असेल किंवा झटकल्यावर पांढरी धूळ उडत असेल, तर ती बुरशी असते. असे गवत पिल्लांसमोर कधीही टाकू नये. जूनपूर्वीच दोन गोणपाटे भरून कोरडे गवत माळ्यावर ठेवले, तर श्रावणात धावाधाव होत नाही.

क जीवनसत्त्वाचे एवढे महत्त्व का सांगतात?

कारण माणसाप्रमाणेच गिनी पिगच्या शरीरात ते तयार होत नाही. १९०७ साली नॉर्वेत ॲक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रॉलिख यांनी गिनी पिगना केवळ धान्यावर ठेवले, तेव्हा त्यांना माणसासारखाच स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार, झाला, आणि त्या आजाराचे कारण आहारात आहे हे समजण्यास त्यातून मोठी मदत झाली. मोठ्या जनावराला रोज किलोमागे साधारण १० ते २० मिलिग्रॅम लागते, गाभण आणि पाजणाऱ्या मादीला ३० च्या आसपास किंवा थोडे अधिक. हिरव्या ढबू मिरचीत १०० ग्रॅमला सुमारे ८० मिलिग्रॅम असते, म्हणजे पाव मिरची रोज दिली की बराचसा भाग भागतो, आणि उरलेला कोथिंबीर व पेरूच्या लहानशा फोडीने पुरा होतो. पेरू गोड असल्याने फोड लहानच असावी. पाण्यात थेंब घालण्यापेक्षा ताजी भाजी बरी, कारण पाण्यात हे जीवनसत्त्व लवकर नष्ट होते. पिल्ले आठवड्याभरात आईच्या ताटातली कोथिंबीर स्वतःहून ओढू लागतात.

बाळंतिणीला डिंक, गूळ, अळीव द्यावे का?

आमच्या शेजारच्या काकूंनी पिल्ले झाल्याचे कळताच वाटीभर अळीव आणि गूळ आणून दिला होता. त्यांची माया मी विसरलेलो नाही, पण ती वाटी पिंजऱ्यात ठेवली नाही. गोड आणि तेलकट खाण्याने गिनी पिगचे पोट बिघडते. या बाळंतिणीला हवे ते भरपूर गवत, लसूण घास, ढबू मिरची, ताजे पाणी आणि शांतता. शेवटचे दोन आठवडे आणि व्याल्यानंतरचा पहिला आठवडा तिच्यासाठी सर्वांत जोखमीचा असतो. मादी खाणे सोडून सुस्त बसली, तोंडातून गोडसर वास येऊ लागला, तर ते अंगातली चरबी वेगाने वितळू लागल्याचे लक्षण असते आणि त्यात एक रात्रही वाट पाहणे परवडत नाही. स्थूल माद्यांमध्ये हे अधिक होते. पिल्लांचे वजन करताना आईचेही करावे.

पिंजरा कोठे आणि कसा असावा?

घरात, जमिनीपासून थोडा उंच, आणि मांजर, घूस, मुंगूस यांच्यापासून सुरक्षित. जाळीचे भोक अर्ध्या इंचाहून मोठे नसावे, कारण कोंबड्यांच्या पिंजऱ्याच्या जाळीतून नवजात पिल्लू सहज निसटते. तळ जाळीचा नसावा, त्यात पाय अडकून मोडतात. वर्तमानपत्र, त्यावर जुने सुती कापड किंवा पिंजर घालावे आणि ओला भाग रोज काढावा. सागाच्या किंवा देवदाराच्या कारखान्यातला भुसा वापरू नये, त्याची धूळ आणि उग्र वास लहान फुप्फुसांना सोसत नाही.

अठरा ते चोवीस अंश तापमान यांना मानवते. डिसेंबर-जानेवारीत बेळगावच्या पहाटेचा गारठा पिल्लांना जड जातो, तेव्हा गरम पाण्याची बाटली जाड कापडात गुंडाळून पिंजऱ्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे उकडल्यास पिल्लांना दुसरीकडे सरकता येते. वीज गेली तरी हा उपाय चालतो. अथणी, कागवाडकडे एप्रिल-मे महिन्यांत उलट काळजी लागते. पत्र्याखालची खोली दुपारी भट्टी होते आणि तीस अंशांच्या वर गिनी पिगला उष्माघात होऊ शकतो. तिथे पिंजरा सोप्यात, भिंतीच्या सावलीला, ओल्या गोणपाटाच्या आडोशाला ठेवावा.

पिल्लू आजारी वाटल्यास घरातील मुलांचे औषध थोडेसे द्यावे का?

कदापि देऊ नये. माणसांना सर्रास दिले जाणारे ॲमॉक्सिसिलिन आणि पेनिसिलिन गटातील इतर औषधे तोंडाने दिल्यास गिनी पिगच्या आतड्यांतील चांगले जिवाणू मरतात, विषारी जिवाणू माजतात आणि काही दिवसांत जनावर दगावते. आपल्याकडील बहुतेक पशुवैद्यकांचा वेळ गाई-म्हशींत जातो, म्हणून गिनी पिग तपासणारा डॉक्टर कोण, हे मादी गाभण असतानाच विचारून ठेवावे, आणि औषध घेताना ‘हे पेनिसिलिन गटातले तर नाही ना’ असे स्पष्ट विचारावे. खाणे बारा तास बंद असणे, हगवण, श्वासाची घरघर, डोळ्याला चिकटा, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी न्यावे.

नर पिल्ले आईपासून केव्हा वेगळी करावीत, आणि घरी ठेवणे शक्य नसेल तर ती कशी द्यावीत?

एकविसाव्या दिवशी. त्यांचे आईशी आणि बहिणींशी नाते माणसाच्या दृष्टीने असते, त्यांच्या दृष्टीने नसते. मादी पिल्लू चार आठवड्यांतच गाभण राहू शकते आणि नरही त्याच सुमारास समर्थ होतो. माद्या आईजवळ राहिल्या तरी चालते, नर बहुधा बापाबरोबर नांदतात. मांडीच्या मधला भाग हलका दाबून पाहिल्यास नराचे लिंग बाहेर येते. पहिल्यांदा ओळखताना डॉक्टरांकडून दाखवून घ्यावे आणि वहीत प्रत्येकाच्या रंगखुणेपुढे नोंद करावी.

पिल्ले दुसऱ्या घरी द्यायची तर आईचे दूध पूर्ण सुटल्यानंतर, आणि एकटे पिल्लू देऊ नये. गिनी पिग कळपात राहणारा प्राणी आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून तो एकटा पाळणे नियमाने मना आहे. दोन माद्या किंवा दोन भाऊ एकत्र द्यावेत, सोबत आठवड्याभराचे त्यांच्या सवयीचे गवत, जुन्या अंथरुणातले मूठभर पिंजर आणि वजनाच्या वहीतले त्यांचे पान द्यावे.